चंपी, कुबड्या आणि एक ‘सर्जन’ : दुखऱ्या सांध्यांच्या उपचाराचा इतिहास

#थ्रेड

१/
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहर. काळ इ. स. १८२० च्या दशकाचा. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका आलिशान स्नानगृहात आपण शिरलो असतो, तर भिंतींवर टांगलेल्या कुबड्या आपल्याला दिसल्या असत्या. बरे होऊन गेलेल्या रुग्णांनी त्या मागे ठेवलेल्या. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात, किंवा नवसाला पावलेल्या देवीच्या देवळात लाकडी पाळणे बांधतात, त्याच जातीचे हे दृश्य. फरक एवढाच की येथे देव नव्हता. येथे होता पाटण्याचा एक माणूस, आणि त्याच्या पाटीवर लिहिले होते : ‘शांपूइंग सर्जन’.

२/
प्रथम शब्दाचा उलगडा करू. आज ‘शांपू’ म्हटले की केस धुण्याची बाटली डोळ्यांसमोर येते. इंग्रजी भाषेत हा शब्द अठराव्या शतकात गेला, तो हिंदुस्थानी ‘चाँपना’ या क्रियापदावरून. ‘चाँपो’ म्हणजे दाब, रगड. आपण मराठीत ‘पाय चेपून दे’ म्हणतो आणि न्हाव्याकडे ‘चंपी’ करून घेतो, तेव्हा याच अर्थाच्या शेजारी उभे असतो. केस धुण्याचा अर्थ त्याला चिकटला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या इंग्रजी पुस्तकात ‘शांपूइंग’ आढळले, तर तिथे अंगमर्दन वाचावे. या एका गैरसमजापायी समाजमाध्यमांवर ‘भारतीयाने इंग्रजांना केस धुवायला शिकवले’ अशा मजकुराची लाट दरवर्षी येते. ती वाचून माझ्यासारखीला डोके धरून बसावे लागते.

३/
या माणसाचे नाव दीन महोमेद. जन्म १७५९, पाटणा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. १७६९ मध्ये ते वारले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा गॉडफ्रे इव्हान बेकर नावाच्या तरुण आयरिश अधिकाऱ्याच्या मागे लष्कराच्या तळावर गेला आणि तेथेच वाढला. बेकरने नोकरी सोडली, तेव्हा महोमेदनेही सोडली. १७८४ साली दोघे आयर्लंडमधील कॉर्क येथे पोहोचले. तेथे त्याने इंग्रजीचे रीतसर शिक्षण घेतले, जेन डेली या तरुणीशी विवाह केला आणि १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध केले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. (१५ जानेवारी २०१९ रोजी गूगलच्या मुखपृष्ठावर दिसलेले गृहस्थ हेच.)

४/
पुढची काही वर्षे वेगाने ओलांडू. १८०७ च्या सुमारास तो लंडनला आला. तेथील पोर्टमन स्क्वेअरमध्ये बेसिल कोक्रेन राहत असे. मद्रासेत अफाट पैसा कमावून परतलेल्या या गृहस्थाने घरीच बाष्पस्नानाची सोय उभी केली होती. महोमेदने तेथे काम केले, आणि वाफेला मर्दनाची जोड बहुधा तेथेच मिळाली. कोक्रेनने बाष्पस्नानावर पुस्तके काढली, त्यांत महोमेदचे नाव नाही. १८१० मध्ये महोमेदने ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. हुक्का, वेताच्या खुर्च्या, हिंदुस्थानी जेवण असा थाट होता. १८१२ मध्ये दिवाळे निघाले. पन्नाशी ओलांडलेला, दिवाळखोर, मुलाबाळांचा धनी. अशा अवस्थेत १८१४ मध्ये त्याने ब्रायटन गाठले.

५/
ब्रायटनच का? राजपुत्र जॉर्जने (पुढचा राजा चौथा जॉर्ज) या गावात आपला विलासी राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, उभारला होता. त्याच्या मागोमाग उमराव आले आणि उमरावांच्या मागोमाग त्यांची दुखणी आली. समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते ही समजूत त्या काळी इंग्लंडमध्ये दृढ होती. भरपेट मांस, भरपूर मद्य आणि व्यायामाचा अभाव यांतून जडलेला गाउट, थंड दमट हवेत आखडणारे सांधे, घोड्यावरून पडून अधू झालेले पाय, असे सगळे रुग्ण या एका गावात गोळा होत. सांधेदुखीवर जगणाऱ्या माणसाला याहून चांगली पेठ मिळाली नसती.

६/
उपचाराची पद्धत आपण नीट पाहू, कारण बहुतेक लेखांत ती एका ओळीत उरकलेली असते.

रुग्णाला प्रथम वाफेत बसवीत. त्या वाफेत वनस्पतींचा अर्क मिसळलेला असे. कोणत्या वनस्पती, हे मात्र गुपित. घाम फुटून अंग सैल झाले की रुग्ण फ्लॅनेलच्या एका तंबूसारख्या आवरणात जाई. या आवरणाला बाहेरून आत शिरणाऱ्या बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांत हात घाली आणि आतल्या माणसाचे स्नायू रगडी, सांधे चेपी.

या बाह्यांपाशी मी बराच वेळ थांबले. वाफ बाहेर जाऊ नये, हा त्यांचा उघड उपयोग. परंतु १८२० च्या इंग्लंडमध्ये एका सावळ्या परदेशी पुरुषाने खानदानी रुग्णाच्या अंगाला हात लावायचा, तर मध्ये कापडाची भिंत असणे सर्वांनाच सोयीचे गेले असणार. हे माझे अनुमान आहे, कागदावर तसे कोणी लिहून ठेवलेले नाही. स्त्री-रुग्णांची व्यवस्था जेन पाहत असे, हेही ध्यानात घ्यावे. धंद्यात तिचा वाटा मोठा होता आणि स्मारकांवर तिचे नाव छोट्या अक्षरांत येते.

७/
सुरुवातीला लोकांनी हसून घेतले. मग एकेक रुग्ण येऊ लागला. १८२० मध्ये महोमेदने बरे झालेल्यांच्या हकिगतींचे पुस्तक काढले. १८२१ मध्ये समुद्रकाठी स्वतःचे भव्य स्नानगृह उभे राहिले. (आज त्या जागी क्वीन्स हॉटेल आहे.) १८२२ मध्ये ‘शांपूइंग’ याच नावाचा ग्रंथ आला. त्याच्या शेवटी कृतज्ञ ग्राहकांची वर्णानुक्रमे यादी दिलेली होती. चौथ्या जॉर्जने आणि पुढे चौथ्या विल्यमने त्याला राजघराण्याचा ‘शांपूइंग सर्जन’ नेमले. दरबारी पोशाखातील त्याचे चित्र ब्रायटनच्या संग्रहालयात आजही आहे.

८/
आता साधनचिकित्सा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा कडक व्हावे.

१७९४ च्या पुस्तकातील महोमेद सांगतो की वडील वारले तेव्हा तो लहान मुलगा होता आणि पुढे फौजेबरोबर वाढला. १८२० च्या दशकातील महोमेद सांगतो की त्याचा जन्म १७४९ चा असून कलकत्त्याच्या रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊन त्याने कंपनीच्या फौजेत सर्जन म्हणून काम केले. दोन्ही विधाने एकाच माणसाची आणि दोन्ही छापील. दोन्ही खरी असणे अशक्य. मायकेल फिशर या इतिहासकाराने या विसंगतीचा बारकाईने माग काढला आहे. जन्मवर्ष दहा वर्षे मागे ढकलले, म्हणजे त्या वाढीव दशकात वैद्यकीय शिक्षण बसवता येते. हिशेब साधा आहे.

९/
मग तो भोंदू होता काय? हा प्रश्न विचारण्याआधी त्या काळचे इंग्लंड पाहावे. वैद्यकीय व्यावसायिकांची देशव्यापी एकच नोंदवही १८५८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. त्यापूर्वी पदवीधर फिजिशियन, हत्यार चालवणारे सर्जन, औषधे देणारे अपोथेकरी आणि त्यांच्या अवतीभवती दात उपटणारे, हाडे बसवणारे, वीजयंत्राचे झटके देणारे अशी सगळी गर्दी एकाच बाजारात उभी होती. लंडनचे न्हावी आणि सर्जन तर १७४५ पर्यंत एकाच संघात नांदत होते! ‘शांपूइंग सर्जन’ ही उपाधी या बाजारात बेकायदा नव्हती. खोटा होता तो त्यामागचा जीवनवृत्तांत.

आणि तो खोटा का सांगावा लागला? हिंदुस्थानात अंग चेपणे हे काम न्हाव्याचे, चाकराचे, दाईचे. ज्याचे अंग चेपले जाते तो वरचा आणि चेपणारा खालचा. महोमेदला ही हस्तकला सातासमुद्रापार नेताना तिची जात बदलायची होती. पाटण्यातली चंपी ब्रायटनमध्ये शस्त्रक्रियेच्या पंगतीत बसवायची, तर चाकराचे हात सर्जनचे झाले पाहिजेत.

१०/
“पण हे तर चरकसंहितेतच होते!” अशी प्रतिक्रिया खाली येणार, म्हणून आधीच लिहिते. होय, चरकाच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचाच आहे, आणि अग्नीच्या उष्णतेने घाम आणवण्याचे तेरा प्रकार तिथे सांगितले आहेत. स्नेहन आधी, स्वेदन नंतर हा क्रमही प्रसिद्ध आहे. परंतु ग्रंथात ज्ञान असणे वेगळे आणि ते अमुक माणसाच्या हातात अमुक मार्गाने आले हे सिद्ध करणे वेगळे. महोमेद संस्कृत शिकला होता याला काडीचाही आधार नाही. त्याच्या हातात होती ती हमामखान्यातील आणि घराघरांतील चालती-बोलती विद्या. आपल्याकडच्या तालमीत आखाड्यातली माती झटकून वस्ताद पठ्ठ्याचा खांदा मोकळा करतो, बाळंतिणीला तेल लावणारी बाई दोन अंगठ्यांनी कंबरेचा ठणका शोधून काढते. या विद्येला ग्रंथ नसतो. असलाच तर तो नंतर कोणीतरी लिहितो आणि बहुतेकदा त्यावर नाव भलत्याचेच येते. कोक्रेन आठवा.

११/
उपचाराने गुण येत होता का? काही अंशी नक्कीच. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठरलेले स्नायू सैलावतात, सांधा हलवताना कमी दुखतो. दाबामुळे वेदना का मंदावते, याची पटण्याजोगी मांडणी व्हायला १९६५ साल उजाडले. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी असे सुचवले की पाठीच्या कण्यात जणू एक दार असते. स्पर्श-दाबाचे संदेश तेथे पोहोचले की वेदनेच्या संदेशांना वाट अपुरी पडते. कोपर दाराला आपटले की आपण नकळत ते चोळतो, त्यामागे हेच. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी त्याचा गाभा टिकला.

मात्र हा आराम बहुधा तात्पुरता असतो. आणि भिंतीवरच्या कुबड्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : ज्यांना गुण आला त्यांनी कुबड्या ठेवल्या. ज्यांना आला नाही ते आपापल्या कुबड्या घेऊन परत गेले. त्यांची यादी कोणत्याही ग्रंथाच्या शेवटी छापलेली नाही. शिवाय गाउटचा झटका औषधाविनाही काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत ओसरतो. त्याच सुमारास रुग्ण स्नानगृहात असेल, तर श्रेय कोणाला जाणार? महोमेदने सांध्यांपुरते न थांबता दमा आणि पक्षाघातावरही आपला उपचार सांगितला. तिथे मला त्याची बाजू घेता येत नाही.

१२/
शेवट दुःखद आहे. इमारत त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. १८४१ मध्ये भांडवल पुरवणारा भागीदार वारला आणि स्नानगृह लिलावात निघाले. ते विकत घेण्याइतका पैसा महोमेदजवळ नव्हता. दरम्यान गावात नकला करणारे प्रतिस्पर्धी उभे राहिले होते आणि नव्या राणीला, व्हिक्टोरियाला, ब्रायटनची गोडी नव्हती. म्हातारपणी त्याने लहानशा जागेत काम चालू ठेवले. डिसेंबर १८५० मध्ये जेन गेली. दोन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, तोही गेला. सेंट निकोलस चर्चच्या आवारातील दगडावर त्याचे वय १०१ कोरले आहे. खोट्या जन्मवर्षाचा हिशेब त्याने मरेपर्यंत, नव्हे मेल्यावरही, पाळला.

१३/
आता नकाशावर उत्तरेकडे सरकू. महोमेद ब्रायटनला आला त्याच्या एक वर्ष आधी, १८१३ मध्ये, स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने राजाश्रयाने व्यायामशास्त्राची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तलवारबाजीने स्वतःच्या हाताचे दुखणे कमी झाले, या अनुभवातून तो या विषयाकडे वळला असे सांगतात. त्याच्या पद्धतीत लष्करी, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक शाखांबरोबर वैद्यकीय व्यायामाची शाखा होती. तीत दुखऱ्या अवयवाच्या ठरावीक हालचाली, त्याही शिक्षकाच्या हाताच्या विरोधात जोर लावून करायच्या असत. (‘स्वीडिश मसाज’ मधील प्रसिद्ध फ्रेंच संज्ञा मात्र लिंगच्या नव्हेत. त्या ॲम्स्टरडॅमच्या योहान मेझगर या डॉक्टरच्या परंपरेतून आल्या. हा घोळ पाठ्यपुस्तकांतही आहे.)

महोमेद आणि लिंग यांना समोरासमोर ठेवले की मला एक गोष्ट जाणवते. एकाजवळ ग्राहक होते, दुसऱ्याजवळ संस्था. ग्राहक रुसले तेव्हा पहिल्याची विद्या लिलावात गेली. दुसऱ्याची परीक्षा, प्रमाणपत्र आणि सरकारी वेतन यांच्या बळावर शंभर वर्षे पसरत राहिली. महोमेदच्या एका मुलाने ब्रायटन परिसरात व्यायामशाळा आणि तलवारबाजीचा वर्ग चालवला, हा योगायोग मला फार आवडतो. त्या मुलाचा मुलगा फ्रेडरिक अकबर महोमेद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. रक्तदाबाच्या अभ्यासात त्याचे काम आजही आदराने सांगितले जाते. म्हणजे आजोबांनी उसनी घेतलेली पदवी नातवाने रीतसर कमावली.

१४/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ‘मसाज’ शब्दाची पार अब्रू गेली. मसाजच्या पाट्यांआड वेश्याव्यवसाय चालतो, असा इशारा १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने दिला. त्याचा सर्वांत मोठा फटका कोणाला? रुग्णालयांतून मर्दन शिकून प्रामाणिकपणे पोट भरणाऱ्या परिचारिकांना. स्पर्श हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या स्पर्शाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले.

१५/
त्याच वर्षी लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस’ स्थापन केली. त्यांचे नियम वाचण्यासारखे आहेत. डॉक्टरच्या सूचनेखेरीज कोणावरही उपचार करायचा नाही. पुरुषांना सर्वसाधारणपणे मर्दन करायचे नाही. डॉक्टरने खास सांगितले तरच अपवाद. सामान्य वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची नाही. औषधे विकायची नाहीत.

एकेक नियम म्हणजे एकेका संशयाला दिलेले उत्तर आहे. महोमेदने जाहिरातीवर आपला धंदा उभारला होता, या चौघींनी जाहिरात सोडून. विश्वासार्हता मिळाली, पण किंमत मोजावी लागली : निदान करण्याचा, स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार त्यांनी डॉक्टरांच्या ओटीत घातला. हा अधिकार परत मिळवण्यात त्यांच्या वारसांची कित्येक दशके गेली. तो सौदा योग्य होता की नाही, यावर आमच्या वर्गात एकदा तासभर खडाजंगी झाली. मला तो योग्य वाटतो. १८९४ मध्ये त्या स्त्रियांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. माझ्या मैत्रिणीला अजूनही पटलेले नाही.

१६/
मग महायुद्ध आले. ऑगस्ट १९१४ मध्ये अल्मेरिक पॅजेट दांपत्याने पन्नास प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांचे पथक उभे करून युद्धखात्याच्या स्वाधीन केले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या हजारांत गेली. बंदुकीच्या गोळीने स्नायू फाटलेले, महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहून सांधे आखडलेले, पाय कापलेले जवान त्यांच्यासमोर येत होते. पुरुषांना हात लावायचा नाही, हा नियम युद्धाने केराच्या टोपलीत टाकला. मर्दन, व्यायाम, वीजउपचार आणि जलोपचार एका छताखाली आले. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिच्या नावात ‘फिजिओथेरपी’ हा शब्द आला.

येथे थोडे थांबून ब्रायटनकडे पुन्हा पाहू. १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत रॉयल पॅव्हिलियन हे जखमी हिंदी जवानांचे रुग्णालय होते. हिंदू आणि मुसलमान जवानांसाठी निराळे नळ, निराळ्या मुदपाकखान्यांची व्यवस्था, भिंतींवर हिंदी-उर्दू-पंजाबी पाट्या. ज्या राजवाड्यातील राजाचे दुखरे सांधे पाटण्याच्या माणसाने शेकले होते, त्याच्याच झुंबरांखाली शंभर वर्षांनी हिंदुस्थानचे जखमी शिपाई खाटांवर पडून होते. इतिहास कधीकधी एखाद्या कादंबरीकारालाही अतिरंजित वाटावी अशी जागा निवडतो.

१७/
आता पोलिओ. ज्वर उतरला की मुलाचा पाय लुळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रूढ उपचार असा की दुर्बल अवयव खपच्यांमध्ये घट्ट बांधून निश्चल ठेवावा. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी नावाच्या स्त्रीने नेमके उलट केले. गरम पाण्यात पिळलेले लोकरी कापड आखडलेल्या स्नायूंवर ठेवायचे आणि मग अवयव हळूहळू हलवायला शिकवायचे. महोमेदच्या फ्लॅनेलच्या तंबूची आठवण यावी असे हे दृश्य आहे, मात्र दोहोंत संबंध जोडण्याचा मोह मी आवरते.

लोक तिला ‘सिस्टर केनी’ म्हणत. हे संबोधन तिला पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेत मिळाले. परिचारिकेचे रीतसर शिक्षण तिने घेतलेले नव्हते. डॉक्टरांनी तिच्यावर कडाडून टीका केली. रोग कसा होतो, याविषयीच्या तिच्या कल्पना चुकीच्याच होत्या. परंतु अवयव बांधून ठेवू नका, हे तिचे म्हणणे टिकले. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि १९४२ मध्ये मिनिआपोलिसला तिच्या नावाची संस्था उभी राहिली. पुन्हा तेच : हातात विद्या आणि पदवीवर प्रश्नचिन्ह.

१८/
अखेर आपण मुंबईला पोहोचतो.

फातेमा इस्माईल या स्वातंत्र्य चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. मुलीला घेऊन त्या मद्रासच्या अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्यापर्यंत गेल्या. तेथे व्यायामोपचाराने मूल सुधारते हे त्यांनी पाहिले, आणि इतर आयांनी कुठे जावे हा प्रश्न त्यांना सतावू लागला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले आणि त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आकारास आली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका आईची पायपीट आणि एका शाखेचा जन्म यांच्यात इतके कमी अंतर असते, हे पाहून मी थक्क झाले.

१९/
अडचण अशी की हात कुठून आणायचे? प्रशिक्षित माणसे देशात जवळजवळ नव्हतीच. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, देशातील पहिली शाळा सुरू केली. (जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. या बाईंवर स्वतंत्र थ्रेड लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.) त्याच रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा उघडली. १९५५ मध्ये हाजीअलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही. लिंगला स्टॉकहोमला जे १८१३ मध्ये मिळाले, ते मुंबईला मिळायला एकशेचाळीस वर्षे लागली.

२०/
या सगळ्यात चंपी करणारा न्हावी, तालमीतला वस्ताद आणि बाळंतिणीची मालिशवाली मात्र वर्गात आले नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीत आला, शरीररचनेच्या पुस्तकासह आला. त्याने पोलिओच्या मुलांना उभे केले, हे निर्विवाद. हाडवैद्याने चुकीच्या ठिकाणी झटका देऊन केलेले नुकसान माझ्याच नात्यात मी पाहिले आहे, म्हणून जुन्या विद्येचा सरसकट गौरव मला करवत नाही. तरीही ज्या हातांनी शतकानुशतके या देशाची दुखरी अंगे रगडली, त्या हातांचा शोध लेखी साधनांत घेऊ जावे तर हाती काय येते? बक्षिसाच्या यादीत एखाद्या अंगमर्द्याचे नुसते नाव, प्रवासी गोऱ्याच्या रोजनिशीत एखादे कुचेष्टेचे वाक्य. दीन महोमेद आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याला लिहिता येत होते आणि जाहिरात करता येत होती.

२१/
आणि उपाधीचा वाद? तो चालूच आहे. महाराष्ट्राने व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद कायद्याने स्थापन केली, २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. गदारोळ झाला आणि ते पत्र लगोलग मागे घेण्यात आले. बातमी वाचली तेव्हा माझ्या टेबलावर १८२२ च्या ‘शांपूइंग सर्जन’चे पुस्तक उघडे होते.

२२/
टेबलाचा उल्लेख आलाच आहे, तर तेही सांगते. प्रबंधासाठी सहा महिने मान वाकवून बसल्याचे फळ म्हणून माझा उजवा खांदा आखडला आणि मी घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जाऊ लागले. पहिल्या दिवशी मला वाटले, ताई छान रगडून देतील. त्यांनी दहा मिनिटे शेक दिला, एक रबरी पट्टा हातात ठेवला आणि म्हणाल्या, “आता तूच ओढ. पंधरा वेळा, तीन फेऱ्या.” महोमेदकडून निघून लिंगकडे पोहोचायला मला असा एक शेक पुरला.

गेल्या आठवड्यात त्यांना ब्रायटनच्या भिंतीवरील कुबड्यांची गोष्ट सांगितली. त्या समोरच्या आजोबांचा गुडघा वाकवत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “अगं, आम्ही कुबड्या टांगून कशाला ठेवू? धुऊन-पुसून ठेवतो. पुढच्या पेशंटला लागतात.”